धागा : महापालिकेतली ती सोळा नावं कशी ठरतात? (स्थायी समिती, गटनोंदणी आणि मतदान)

गोदाकाठ

मंडळी, निवडणुका झाल्या की महापौर कोण होणार यावर महिनाभर चर्चा रंगते. मंत्रालयात आरक्षणाची सोडत, मग नगरसेवकांना सहलीला नेणं, मग हात उंचावून मतदान. हे सगळं आपण टीव्हीवर बघतो. पण शहराचा पैसा कुठे जाणार हे ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीत कोण बसणार हे कसं ठरतं, यावर कुणी बोलत नाही. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुंबईला स्वतःचा १८८८ चा कायदा आहे. बाकीच्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वर चालतात. त्यातलं कलम २० म्हणतं की स्थायी समितीत १६ नगरसेवक असतील. मोठ्या निविदा, ठेके इथूनच मंजूर होतात. आयुक्त आपलं अंदाजपत्रक आधी इथेच मांडतात, स्थायी त्यात फेरफार करते आणि मगच ते महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे जातं. आयुक्त बैठकीला बसतात, बोलतात, पण त्यांना मत नाही. महापौर या समितीचे सदस्य नसतात. म्हणजे १६ पैकी ९ जण एका बाजूला असले की विषय मार्गी लागतो.

आता हे १६ जण कुठून येतात? कलम ३१अ. समितीवर सदस्य नेमताना प्रत्येक पक्षाचं आणि गटाचं सभागृहातलं तौलनिक संख्याबळ बघायचं आणि शक्य तितक्या त्या प्रमाणात जागा द्यायच्या. सभागृहनेता, विरोधी पक्षनेता आणि गटनेते यांच्याशी सल्लामसलत करायची. प्रत्यक्षात होतं असं की गटनेता बंद पाकिटात नावं देतो, महापौर पाकीट फोडून नावं वाचून दाखवतात, संपलं.

नियम न्याय्य आहे. अडचण 'शक्य तितक्या' या शब्दांत आहे. नाशिकचं २०१७ चं गणित घ्या. एकूण १२२. भाजप ६६, शिवसेना ३५, राष्ट्रवादी ६, काँग्रेस ६, मनसे ५, अपक्ष ३, रिपाइं १. सोळाने गुणा, १२२ ने भागा :

भाजप ८.६५६
शिवसेना ४.५९०
राष्ट्रवादी ०.७८७
काँग्रेस ०.७८७
मनसे ०.६५६

पूर्णांकाच्या जागा ८ आणि ४, मिळून १२. उरल्या ४. त्या मोठ्या अपूर्णांकाच्या क्रमाने दिल्या तर राष्ट्रवादी, काँग्रेस, भाजप, मनसे. म्हणजे भाजप ९, सेना ४, बाकी तिघांना एकेक. ३५ नगरसेवक असलेल्या पक्षाची पाचवी जागा ०.०६६ ने हुकते आणि ५ नगरसेवक असलेल्या पक्षाला एक जागा मिळते. बेरीज चोख आहे, पण समितीतलं बहुमत या दशांशावर उभं आहे हे लक्षात घ्या. ९ म्हणजे बहुमत. ८ झाले की बरोबरी.

आता सत्ताधाऱ्यांच्या दोन जागा मध्येच रिकाम्या झाल्या असं धरा. एकूण १२०, भाजप ६४. आकडे होतात भाजप ८.५३३, सेना ४.६६७, राष्ट्रवादी आणि काँग्रेस ०.८ प्रत्येकी, मनसे ०.६६७. भाजप आठवर, सेना पाचवर. दोन रिकाम्या खुर्च्यांनी स्थायीतलं बहुमत गेलं. नाशिकला नेमका अशाच मुद्द्यावर वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला.

तुमच्या शहरात काय झालं? आकडे असतील तर टाका, गणित करून बघू.

पेठेतला

उत्तम धागा. इतकी वर्षं 'तौलनिक संख्याबळ' हा शब्द पेपरात वाचतोय, आज पहिल्यांदा कळलं की तो कसा काढतात.

एक शंका. अपूर्णांकाचं काय करायचं हे कायद्यात लिहिलंय का?

गोदाकाठ

नाही ना! तोच तर मुद्दा. मोठा अपूर्णांक आधी, ही वहिवाट आहे. कायद्यात फक्त शक्य तितकं प्रमाण राखा एवढंच आहे. आणि पुढचं पोटकलम बघा : कुठल्या पक्षाच्या किती जागा यावर प्रश्न उद्भवला तर महापालिकेचा निर्णय अंतिम. महापालिका म्हणजे सभागृह, म्हणजे बहुमत. ज्याच्या जागेवर वाद आहे तोच बहुमतात असेल तर निवाडा कोण करणार? म्हणून प्रत्येक वेळी प्रकरण कोर्टात जातं आणि तोवर समिती लटकते. समिती लटकली की रस्ते, पाणी, सगळं लटकतं.

जुनी_वही

मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. गोदाकाठ यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. भर घालतो.

गटनोंदणीची तारीख फार मोलाची असते. निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत पक्ष, गट आणि अपक्ष मिळून आघाडी करू शकतात आणि ती विभागीय आयुक्तांकडे नोंदवू शकतात. एकदा नोंद झाली की ती निवडणूकपूर्व आघाडी असल्यासारखीच धरली जाते आणि तिच्या सदस्यांना पक्षांतरबंदीचा कायदा लागू होतो. तो वेगळा कायदा आहे, स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. म्हणजे ज्या अपक्षाला तुम्ही पक्ष नको म्हणून मत दिलं, तो एका सहीने आघाडीच्या व्हीपखाली येतो, आणि मुदत संपेपर्यंत तिथेच असतो.

आमच्या कार्यालयात त्या महिन्यात फोन थांबत नसत. कोणाची सही झाली, कोणाची राहिली, यादीत नाव दोनदा आलंय का. एक अपक्ष दोन्ही याद्यांवर सही करून मोकळा झाल्याचंही पाहिलंय. मग कुठली सही आधीची यावर दिवसभर खल.

तुमच्याच गणितात एक प्रयोग करा. ते चार, म्हणजे तीन अपक्ष आणि एक रिपाइं, शिवसेनेबरोबर एका आघाडीत नोंदले गेले असते तर?

गोदाकाठ

काका, करून बघितलं आणि थक्क झालो.

सेना आघाडी ३९ : ५.११५. पूर्णांकाच्या जागा ८ आणि ५, तेरा. उरल्या तीन. दोन राष्ट्रवादी आणि काँग्रेसला. शेवटच्या एका जागेसाठी भाजप आणि मनसे. भाजपचा शिल्लक भाग ८०/१२२. मनसेचा शिल्लक भाग ८०/१२२. अगदी समान! ६६ गुणिले १६ म्हणजे १०५६, त्यातून आठ जागांचे ९७६ गेले की ८०. आणि ५ गुणिले १६ पण ८०. अशा वेळी काय करायचं याचं उत्तर कायद्यात कुठेच नाही.

चार सह्यांनी समितीतलं बहुमत धोक्यात येतं. मतदाराने यातलं काहीही ठरवलेलं नसतं.

पेठेतला

बाप रे. म्हणजे निकालानंतरचा तो महिना खरी दुसरी निवडणूक.

कोकणपट्टी

मुंबईच्या दृष्टीने एक मुद्दा. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या नगरसेवकांना सभागृहात मताधिकार नाही, हे राज्यघटनेच्याच अनुच्छेद २४३आर मध्ये आहे. पण समितीवर त्यांना घेता येतं का, यावर २०२० मध्ये मुंबईत मोठा वाद झाला. भाजपने एका स्वीकृत सदस्याला स्थायी समितीवर पाठवलं, सत्ताधाऱ्यांनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल त्या सदस्याच्या बाजूने लागला.

मला हे खटकतं. लोकांनी निवडून न दिलेला माणूस मोठमोठ्या निविदांवर निर्णय घेणाऱ्या समितीत कसा? स्वीकृतची कल्पना तज्ज्ञ माणसं सभागृहात यावीत यासाठी होती. आता तर इतर महापालिकांतही त्यांची संख्या पूर्वीच्या पाचवरून एकूण सदस्यांच्या १० टक्के किंवा १०, यातली कमी असेल तितकी केली आहे. पडलेल्या उमेदवारांची सोय लावायला जागा वाढल्या असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

रेवा_ठाणे

कोकणपट्टी, मला उलट वाटतं. एखादा चांगला अभियंता, नगररचनाकार किंवा डॉक्टर स्वीकृत म्हणून आला आणि समितीत बसला तर निविदेतली तांत्रिक अट वाचणारं कोणीतरी तिथे असेल. दोष तरतुदीत नाही, नावं पाठवणाऱ्यात आहे.

मात्र मूळ धाग्यात मतदानाबद्दल फारसं आलं नाही. महासभेत मतदान होतं तरी का? मी दोनदा प्रेक्षक गॅलरीत बसलेय. नगरसचिव विषय क्रमांक वाचतात, समोरून 'मंजूर, मंजूर', पुढचा विषय. एका मिनिटात पाच विषय. कोण बाजूने, कोण विरोधात, काहीच कळत नाही.

जुनी_वही

ताई, मतदान होतं, पण मागितलं तरच. नियम असा की विषय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने ठरतो. आवाजी घेतलं आणि कुणी हरकत घेतली नाही तर पीठासीन व्यक्ती मंजूर म्हणेल तेच खरं. मतविभागणी मागितली की मग हात वर करून मोजणी, आणि कोण बाजूने, कोण विरोधात ही नावं इतिवृत्तात येतात. मतं समान पडली तर पीठासीन व्यक्तीला निर्णायक मत. महापौरांच्या निवडणुकीत मात्र समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात, तिथे निर्णायक मत चालत नाही.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांश. दुपारनंतर बाकं रिकामी होतात तेव्हा कुणीतरी उठून गणपूर्तीचा प्रश्न काढतो आणि सभा तहकूब होते. हे हत्यार विरोधक वापरतात तसं सत्ताधारीही वापरतात, एखादा अवघड विषय टाळायचा असला की.

आणि हो, उपसूचना. प्रशासनाचा प्रस्ताव एक असतो, त्याला सूचक-अनुमोदकांच्या सहीने उपसूचना जोडली जाते, आणि कागदावरचा ठराव पार वेगळा होऊन बाहेर पडतो. सभागृहात ती वाचून दाखवली असेल तर ठीक. कित्येकदा 'उपसूचनेसह मंजूर' एवढंच ऐकू येतं. ती उपसूचना नंतर टाइप झाली की आधी, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. मी सांगेन, इतिवृत्त कायम होताना जो नगरसेवक उभा राहून 'ही उपसूचना सभेत वाचली गेली नव्हती' असं म्हणतो, तो शहराचं मोठं काम करतो.

आडवाट

+१ जुनी_वही काका.

आमच्या भागातल्या नाल्याच्या भिंतीचं असंच झालं. शहराचं नाव घेत नाही. विषयपत्रिकेत नव्हताच. आयत्या वेळचा विषय म्हणून आला, सभा संपता संपता मंजूर झाला. आम्ही रहिवासी आक्षेप घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ठराव झालाय. भिंत आली, पाण्याचा जुना उतार बंद झाला आणि पहिल्याच पावसात तळमजल्याच्या घरांत पाणी. विषयपत्रिकेवर आधी आला असता तर आम्ही नकाशा घेऊन नगरसेवकांना भेटलो असतो. आमची मागणी एवढीच होती की आधी कळू द्या.

सॅनहोझेकर

मी मूळचा सोलापूरचा, आता कॅलिफोर्नियात. आडवाट यांचं वाचून लिहावंसं वाटलं.

इथे १९५३ पासून ब्राऊन अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. नगर परिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावी लागते. त्यावर नसलेल्या विषयावर, अगदी मोजके अपवाद सोडले तर, निर्णय घेता येत नाही. प्रत्येक विषयावर नागरिकाला बोलायची संधी द्यावी लागते. आणि प्रत्येक सदस्याने काय मत दिलं किंवा तटस्थ राहिला हे जाहीर करावं लागतं. सॅन होझेत महापौर धरून फक्त ११ जण आहेत, तिथे नावानिशी मत घेणं सोपं. १२२ किंवा २२७ जणांच्या सभागृहात दर विषयाला ते जमणार नाही हे मान्य. पण १६ जणांच्या स्थायीत का जमू नये?

रेवा_ठाणे

हाच प्रश्न माझाही. १६ नावं आणि समोर हो किंवा नाही. एवढा तक्ता दर बैठकीनंतर संकेतस्थळावर टाकायला काय लागतं?

कोकणपट्टी

एक धोका सांगतो. मत नावानिशी नोंदलं की नागरिकाला दिसतं तसं पक्षालाही दिसतं. १९८६ च्या कायद्याखाली व्हीपविरुद्ध मत दिलं, किंवा गैरहजर राहिलं तरी, सदस्यत्व जाऊ शकतं. एखादा नगरसेवक आपल्या प्रभागासाठी पक्षाविरुद्ध जायला तयार असेल, तर नोंदवलेलं मतदान त्याचीच मान अडकवेल.

गोदाकाठ

मुद्दा रास्त आहे, पण पक्षाला तसंही दिसतंच. गटनेता पहिल्या बाकावर बसलेला असतो, कोणाचा हात वर गेला हे त्याला बरोबर ठाऊक असतं. अंधारात फक्त आपण असतो.

आणि व्हीपची भीती सगळ्यांना रोखतेच असंही नाही. जळगावचं मार्च २०२१ आठवा. ७५ चं सभागृह, २०१८ ला भाजपचे ५७ निवडून आलेले. महापौर निवडीला शिवसेनेच्या उमेदवार ४५ विरुद्ध ३० ने जिंकल्या. सेनेचे १५, एमआयएमचे ३ आणि भाजपमधून फुटलेले २७. सभा ऑनलाइन होती, मत नावानिशी होतं, तरी गेलेच. मग अपात्रतेचा अर्ज नाशिक विभागीय आयुक्तांकडे. या अर्जांना कालमर्यादेत निकाल नसेल तर व्हीपला अर्थ राहत नाही. मला तिथे सुधारणा हवी आहे. मतं लपवून हा प्रश्न सुटणार नाही.

पेठेतला

सभागृहाने ठराव केला तरी सरकार तो रद्द करू शकतं ना?

जुनी_वही

हो, कलम ४५१. शासन ठराव निलंबित करू शकतं, पुढे विखंडित म्हणजे रद्दही करू शकतं. सर्वात गाजलेलं उदाहरण नवी मुंबईचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आला. आयुक्ताला परत पाठवायला एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतं लागतात. १११ च्या सभागृहात म्हणजे ७०. पडली १०४ विरुद्ध ६. तरी राज्य सरकारने ठराव स्थगित केला. मुंढे बरोबर की सभागृह बरोबर, तो वेगळा विषय. पण १०४ मतांचा ठराव मंत्रालयातून थांबतो हे माहीत असावं.

आडवाट

स्थायीचे आठ जण दरवर्षी बदलतात ते कसं?

जुनी_वही

पहिलं वर्ष संपताना निम्मे म्हणजे आठ चिठ्ठीने निवृत्त होतात. त्यांच्या जागी नवे आठ. पुढच्या वर्षी, आधीपासून बसलेले आठ जातात. असं चक्र, म्हणजे समिती कधीच पूर्ण नवखी नसते. फार विचारपूर्वक केलेली तरतूद आहे.

सोडत मी स्वतः मांडलेली आहे. काचेची पारदर्शक बरणी. सोळा चिठ्ठ्या, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच घडीच्या, आधी सर्वांना दाखवून आत टाकायच्या. महापालिका शाळेतल्या एखाद्या मुलीला बोलवायचं. ती बाह्या वर करून हात घालते, चिठ्ठी सभापतींकडे, सभापती नाव वाचतात, नगरसचिव लिहून घेतात. ज्याचं नाव निघालं त्याचा चेहरा तेव्हा बघावा. एकदा एकाच पक्षाचे सहा जण ओळीने बाहेर पडले आणि समितीचा तोल एका दुपारी फिरल्यासारखं वाटलं. पण जागा पक्षाच्या संख्याबळावर असते, माणसाच्या नावावर नसते, त्यामुळे त्याच पक्षाची सहा नवी नावं परत आली.

अलीकडे पक्ष काय करतात, वर्ष झालं की आपल्या सगळ्या सदस्यांचे राजीनामे घेतात, 'सर्वांना संधी' म्हणून. पूर्ण नवी माणसं बसतात, त्यांना मागच्या वर्षीच्या ठेक्यात काय ठरलं होतं हे माहीत नसतं. कायदा करणाऱ्यांनी जो सातत्याचा विचार केला होता तो इथे संपतो. प्रशासनाला हे सोयीचं, कारण विचारणारा कोणी उरत नाही.

रेवा_ठाणे

काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. याचा वेगळा धागा काढा.

प्रभाग समित्यांचं काय? ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत त्या बंधनकारक केल्या ना?

गोदाकाठ

हो, अनुच्छेद २४३एस. आपल्या कायद्यात कलम २९अ. प्रभागातले नगरसेवक, प्रभाग अधिकारी, आणि सामाजिक संस्थांमधून तीनपर्यंत नामनिर्देशित नागरिक. ही तीन नावं भरली जावीत म्हणून आपण आपापल्या शहरात मागणी करायला हवी. अनेक ठिकाणी त्या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भरतात किंवा रिकाम्या ठेवतात. २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही आली. मतदारांची सभा, प्रभागाहून लहान पातळीवर. कागदावर आहे.

आता थोडं कामाचं. मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत मार्च २०२२ पासून प्रशासक होते, सभागृहच नव्हतं, इतिवृत्त मागायची सवयच मोडली. ती परत लावू या. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(ख) बघा. समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त बघायला मिळतं का, हे महापालिकेने न मागता जाहीर करायचं आहे. संकेतस्थळावर नसेल तर नगरसचिव कार्यालयात अर्ज करा. चार गोष्टी मागा : पक्षनिहाय तौलनिक संख्याबळाचा तक्ता, विभागीय आयुक्तांकडे नोंदलेल्या गट-आघाड्यांची प्रत, स्थायी समितीच्या मागच्या तीन बैठकींची इतिवृत्तं, आणि त्यातल्या आयत्या वेळच्या विषयांची यादी.

आडवाट

उद्याच अर्ज टाकतो. काका, अर्जात 'उपसूचनांच्या मूळ प्रती' असं लिहिलं तर चालेल का?

जुनी_वही

चालेल. 'सूचक व अनुमोदकांच्या स्वाक्षरीसह' हे जोडा आणि सभेची तारीख व विषय क्रमांक द्या, म्हणजे 'माहिती संदिग्ध' म्हणून परत पाठवता येणार नाही. नाल्याच्या भिंतीचा ठराव क्रमांक असेल तर तो पहिल्या ओळीत लिहा.